एक भेकर कमी झालं, तर काय बिघडलं?

कल्याणहून माळशेज घाटाकडे जाणाऱ्या एस.टी.त बसलात, तर आधी मुरबाड लागतं, मग सरळगाव, आणि त्यानंतर टोकावडे. बाजारपेठ, शाळा, चहाची टपरी असं हे साधंसुधं गाव. पण गावाच्या पुढे बघा! सह्याद्रीची काळी भिंत आडवी पसरलेली दिसते. त्या भिंतीतच नाणेघाट आहे आणि माळशेजही. दोन हजार वर्षांपूर्वी व्यापाऱ्यांचे बैल नाणेघाटानं वर जुन्नरला जात. गाव आणि ही भिंत यांच्यामध्ये रान आहे. सागाचं, ऐनाचं, करवंदांच्या जाळ्यांचं.

या रानाच्या कडेला रात्री मुक्काम केलात, तर कधी कधी एक आवाज ऐकू येतो. कुत्रं भुंकल्यासारखा. "भॉक!" थोडा वेळ शांतता, पुन्हा "भॉक!" शहरातला पाहुणा म्हणतो, "एवढ्या रानात कुत्रं कुठून आलं?" आणि पाड्यावरची पोरं खुदकन हसतात. कारण ते कुत्रं नसतंच मुळी. ते असतं भेकर!

भेकर म्हणजे आपल्या सह्याद्रीतलं एक छोटं हरीण. बिबट्याची चाहूल लागली की ते असं भुंकतं आणि सगळ्या रानाला सावध करतं. आता हा आवाज पूर्वीसारखा ऐकू येत नाही, असं डोंगराकाठची जाणती माणसं सांगतात. का बरं? आज आपण त्याचाच शोध घेऊ या.

ही मंडळी ओळखता का?

आधी ओळखपरेड! टोकावड्याच्या आसपास दोन अभयारण्यं आहेत. एक भीमाशंकर, १९८५ साली जाहीर झालेलं. त्याचा काही भाग आपल्या मुरबाड तालुक्यात उतरतो. दुसरं शहापूर तालुक्यातलं तानसा, १९७० सालचं. मुंबईला पाणी पाजणाऱ्या तानसा तलावाभोवतीचं हे रान.

या डोंगरांतला सगळ्यांत मोठा हरीण म्हणजे सांबर. पुरा वाढलेला नर दोनशे किलोंच्याही वर जातो. त्याची शिंगं दरवर्षी गळतात आणि पुन्हा नवी फुटतात! गाई-म्हशींची शिंगं अशी गळत नाहीत. हाच तर खऱ्या हरणांचा आणि इतर शिंगवाल्यांचा फरक.

भेकर त्यामानानं चिमुकलं. वजन वीस-पंचवीस किलो. नराला आखूड शिंगं असतात आणि वरच्या ओठाबाहेर दोन सुळेही डोकावतात. ते कळपानं राहत नाही, एकटं-दुकटं हिंडतं.

चौशिंगा नावाप्रमाणे चार शिंगांचा. दोन शिंगं कानांजवळ, दोन कपाळावर. रानात राहणारा असा चार शिंगांचा प्राणी जगात दुसरा नाही. याची शिंगं मात्र गळत नाहीत, म्हणजे तो खरा हरीण नव्हे, कुरंगांच्या जातीतला.

आणि सगळ्यांत धाकटी पिसोरी! वजन जेमतेम तीन किलो. घरातल्या मांजराएवढीच म्हणा ना. तिला शिंगंच नाहीत. दिवसभर पोकळ ओंडक्यात किंवा कपारीत दडून बसते आणि रात्री पडलेली फळं खायला बाहेर पडते.

पूर्वीची पारध

आता तुम्ही म्हणाल, "शिकार तर पूर्वीपासून चालत आलीय. मग तेव्हा हरणं कशी संपली नाहीत?"

प्रश्न अगदी बरोबर आहे. सह्याद्रीच्या पायथ्याला ठाकर, महादेव कोळी, कातकरी पिढ्यान्‌पिढ्या राहतात. त्यांच्यासाठी रान म्हणजे घरामागचं अंगणच. कंदमुळं, मध, खेकडे, मासे आणि कधीमधी शिकार. होळीच्या सुमाराला भाताची कामं संपलेली असत. मग दहा-वीस जण मिळून रान उठवायला निघत. काही जण हाकारे घालत, डबे वाजवत, झाडोरा बडवत पुढे सरकायचे. उठलेलं जनावर पळत सुटायचं आणि पुढे वाघूर लावून किंवा बंदूक घेऊन बसलेल्यांच्या समोर यायचं. वाघूर म्हणजे शिकारीचं जाळं बरं का! बंदूक असली तरी ती ठासणीची. एक बार उडाला, की पुन्हा दारू ठासेपर्यंत जनावर डोंगरापार!

मिळालेल्या मटणाचे वाटे पडत आणि पाड्यावरच्या घराघरांत जात. विकायचा प्रश्नच नव्हता. काही जागी तर शिकार करायचीच नाही, असाही दंडक असे. देवराईत कुणी कुऱ्हाड चालवत नसे, तिथं जनावर मारायचीही लोकांना भीती वाटे. वाघबारशीला वाघोबाची पूजा करायची, त्याला रानाचा राखणदार मानायचं, ही रीत या भागात आजही आहे.

म्हणजे शिकार होती, पण रान मोठं होतं, माणसं थोडी होती, हत्यारं साधी होती. आज यातलं काय उरलंय? रानाचे तुकडे झाले. मधून रस्ते गेले. डोंगराच्या पायथ्याशी फार्महाऊस उभी राहिली. ठासणीच्या बंदुकीच्या जागी लांब पल्ल्याची रायफल आली, आणि डोळे दिपवणारा मोठा टॉर्च! रात्री जीपमधून येऊन टॉर्चचा झोत टाकला की हरीण जागच्या जागी खिळून उभं राहतं. मग त्यात कसलं आलंय शौर्य? असे शिकारी पुष्कळदा पाड्यावरचे नसतातच. लांबून, शहरांतून येतात, भुकेपोटी नव्हे तर मौजेपोटी. आणि मटण चोरून विकायचं असलं, की वाट्याचा हिशेब सुटतो. कितीही मारलं तरी कमीच!

त्याहून वाईट म्हणजे तारेचा फास. मोटारसायकलच्या क्लचची जुनी तार घ्यायची आणि जनावराच्या वाटेवर फास लावून निघून जायचं. फासाला डोळे नसतात. त्यात भेकर अडकतं, तसा बिबट्याही अडकतो. पाड्यावरची शेळीसुद्धा!

छोटंसं गणित

"पण एक भेकर मारलं तर काय बिघडलं?" असं खूप जण विचारतात. चला, वही-पेन्सिल घ्या. पुढचे आकडे गणितापुरते मानलेले आहेत हं.

समजा, एका डोंगराच्या अंगाला वीस भेकरं आहेत. त्यांत दहा माद्या. प्रत्येकीला वर्षाला एक पाडस झालं, म्हणजे दहा पाडसं. त्यांतली पाच बिबट्या, कोल्हे, मोकाट कुत्री आणि आजार यांनी गेली. उरली पाच. वर्षभरात मोठ्यांपैकी तीन मेली. म्हणजे वर्षाला दोन भेकरं वाढली. आता शिकाऱ्यांनी दोन मारली, तरी वीसची वीसच राहतील. जुन्या पारधीत असंच काहीसं होत असावं.

आता समजा, त्याच डोंगरावर आठच भेकरं उरली आहेत. चार माद्या, चार पाडसं, त्यांतली दोन जगली. मोठ्यांतलं एक मेलं. वाढ किती? फक्त एक. शिकाऱ्यांनी मात्र पूर्वीसारखीच दोन मारली. उरली सात. पुढच्या वर्षी तीन माद्या, तीन पाडसं, जगलं एक आणि मेलं एक. वाढ शून्य! पुन्हा दोन मारली, उरली पाच. त्याच्या पुढच्या वर्षी तीन. आणि मग?

मग त्या डोंगरावर रात्री "भॉक" ऐकू येणार नाही.

बघा हं, शिकाऱ्यांनी काही जास्त मारली नाहीत. दरवर्षी दोनच! पण पूर्वी जी दोन रानाला पचत होती, तीच आता सगळं रान ओसाड करून गेली. आणि त्या दोनांत एखादी गाभण मादी असली, तर एका गोळीत दोन जीव गेले, ते वेगळेच. म्हणून "आमच्या आजोबांनीही मारलं होतं" हे उत्तर आज चालत नाही. आजोबांचं रान वेगळं होतं.

पाण्याची कोंडी

टोकावड्याच्या मुलखात पावसाळ्यात धो-धो पाऊस पडतो. पण सह्याद्रीचा कातळ पाणी धरून ठेवत नाही. पाणी ओढ्यांतून, नदीतून वाहून जातं आणि एप्रिल-मे महिन्यांत बायाबापड्यांना हंडाभर पाण्यासाठी वणवण करावी लागते. मग जनावरांची काय गत होत असेल?

ओढे आटतात, एखाद-दुसरा डोह उरतो. आसपासची सगळी जनावरं त्याच एका डोहावर यायला लागतात. झाडांची पानं गळलेली, लपायला आडोसा नाही. त्यातच कुणी तरी वणवा लावलेला. अशक्त झालेली हरणं पाण्यावर येतात आणि तिथंच शिकारी दबा धरून बसलेला असतो. त्याला हरीण शोधावंच लागत नाही! म्हणजे शिकाऱ्याला जो महिना सगळ्यांत सोपा, तोच हरणांना सगळ्यांत कठीण.

कायदा काय म्हणतो?

हे डोंगर कुणाचे? पूर्वी लोक म्हणत, "रान सगळ्यांचं." इंग्रजांनी १८७८ साली कडक वनकायदा केला आणि कितीतरी रानं सरकारच्या ताब्यात राखीव म्हणून गेली. पिढ्यान्‌पिढ्या तिथं राहणाऱ्यांवर रातोरात बंधनं आली. त्याचा राग डोंगरातल्या माणसांच्या मनात पुष्कळ काळ राहिला, आणि तो उगाच नव्हता.

स्वातंत्र्यानंतर १९५१ साली मुंबई राज्यानं वन्य पशुपक्ष्यांच्या संरक्षणाचा कायदा केला. तेव्हा शिकारीसाठी परवाना काढावा लागे. मग १९७२ साली सगळ्या देशासाठी वन्यजीव संरक्षण कायदा झाला. गंमत म्हणजे त्यातसुद्धा सुरुवातीला काही जनावरांच्या शिकारीचे परवाने मिळण्याची सोय होती! १९९१ साली कायदा बदलला आणि ती सोयही गेली. तेव्हापासून सांबर असो की भेकर, मौजेसाठी किंवा मटणासाठी मारायला परवाना मिळत नाही. गुन्हा जितका गंभीर, तितकी शिक्षा मोठी. काही गुन्ह्यांत तर तीन ते सात वर्षांची कैद.

या कायद्यात "शिकार" या शब्दाचा अर्थही वाचण्यासारखा आहे. नुसती गोळी घालणं म्हणजे शिकार नाही. फास लावणं, सापळा लावणं, आमिष ठेवणं, जनावराला हाकणं आणि यांतला नुसता प्रयत्न करणं, हीसुद्धा शिकारच! म्हणजे हाक्यात सामील झालेला पोरगा "मी फक्त डबा वाजवला" असं म्हणाला, तरी सुटका नाही.

पुढे २००६ साली वनहक्क कायदा झाला. रानात राहणाऱ्यांचे जमिनीचे, मधाचे, कंदमुळांचे, गुरं चारायचे हक्क त्यानं मान्य केले. शिकारीचा हक्क मात्र त्यातून स्पष्ट शब्दांत वगळला. पण त्याच कायद्यानं ग्रामसभेला आणखी एक गोष्ट दिली. आपल्या रानातल्या वन्यजीवांचं रक्षण करायचा अधिकार! म्हणजे गावानं ठरवलं, की आपल्या डोंगरावर फास लागू द्यायचा नाही, तर कायदा गावाच्या पाठीशी उभा आहे.

अमेरिकेत तर चालते!

तुमच्यातला एखादा हुशार मित्र म्हणेल, "अमेरिकेत तर सरकारी जंगलात हरणांची शिकार चालते!" हो, चालते. पण कशी, ते ऐका.

१९०० सालाच्या सुमारास अमेरिकेतली पांढऱ्या शेपटीची हरणं बेसुमार शिकारीमुळे अवघ्या काही लाखांवर आली होती. मग तिथं शिकारीचा हंगाम ठरला, परवाने आले, कुणी किती मारायची याचं माप ठरलं. त्या परवान्यांचे पैसे रानाच्या राखणीला लागले. आज ती हरणं कोटींनी मोजतात. आणि एखाद्या भागात कळप घटू लागले, की तिथलं खातं परवाने कमी करतं. म्हणजे तिथंही पहिला नियम एकच : आधी मोजा, मग बोला!

मग आपल्याकडे तसं का नाही? कारण आपली रानं लहान, माणसं फार आणि हरणं थोडी. शिवाय त्या थोड्या हरणांवर आणखी एकाचा हक्क आहे. त्याला परवाना लागत नाही. तो म्हणजे बिबट्या.

आजोबांची गोष्ट

आपल्या टोकावड्याजवळच घडलेली ही खरी गोष्ट आहे. २००९ साली पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरजवळ एक बिबट्या विहिरीत पडला. त्याला बाहेर काढलं. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि वन खात्याची माणसं यांनी त्याच्या गळ्यात उपग्रहाशी बोलणारा पट्टा बांधला आणि त्याला माळशेज घाटात सोडून दिलं. वयस्कर दिसत होता, म्हणून नाव पडलं आजोबा!

आजोबा निघाले ते थांबलेच नाहीत. डोंगर उतरले, कसाऱ्याला रेल्वेचा रूळ ओलांडला, मुंबई-आग्रा महामार्ग ओलांडला आणि महिन्याभरात सव्वाशे किलोमीटरच्या आसपास चालून थेट मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात पोचले. वाटेत शेकडो माणसं झोपलेली असतील. कुणाच्या केसालाही धक्का लागला नाही. २०११ च्या डिसेंबरात महामार्गावर एका गाडीची धडक बसून आजोबा गेले. त्यांच्यावर २०१४ साली मराठी चित्रपटही निघाला.

आता विचार करा. असे किती आजोबा आपल्या डोंगरांतून रात्री चालत जात असतील? ते खातात काय? रानात भेकरं, सांबरं असली तर त्यांचं जेवण रानातच. घाटापलीकडच्या अकोले तालुक्यात शेतांमध्ये राहणाऱ्या बिबट्यांचा अभ्यास झाला. तिथं वन्य हरणं फारशी नाहीतच. त्या बिबट्यांच्या खाण्यात वजनाच्या हिशेबानं ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला! खालोखाल मांजरं. म्हणजे रानातलं ताट रिकामं असलं, तर बिबट्या उपाशी मरत नाही, तो आपल्या दारात येतो. मग माणूसही घाबरतो आणि बिबट्याही जीवाला मुकतो.

आता सांगा, एक भेकर कमी झालं तर काय बिघडलं?

चांदण्यातली मोजणी

हरणं मोजतात तरी कशी? शाळेतल्या हजेरीसारखं त्यांना रांगेत उभं करता येत नाही! पण एक नामी युक्ती आहे. वैशाखात, बुद्धपौर्णिमेच्या रात्री, पाणी अगदी थोड्या जागी उरलेलं असतं आणि चांदणं पिठासारखं पडलेलं असतं. त्या रात्री अभयारण्यांतल्या पाणवठ्यांजवळ मचाणावर वन खात्याची माणसं आणि हौशी निसर्गप्रेमी बसतात. बोलायचं नाही, अत्तर लावायचं नाही, टॉर्च लावायचा नाही. पाण्यावर कोण आलं, किती वाजता आलं, नर की मादी, पिल्लू बरोबर होतं का, हे टिपत जायचं.

याच पाणवठ्यावर, याच चांदण्यात शिकारीही बसतो. पण मचाणावरच्या माणसाच्या हातात बंदूक नसते, वही असते.

ही मोजणी अगदी काटेकोर नसते. तेच भेकर दोनदा येऊ शकतं, कुणी दुसऱ्या डोहावर पाणी पिऊन गेलेलं असतं. म्हणून एका रात्रीच्या आकड्यावर कुणी विसंबत नाही. वर्षानुवर्षांचे आकडे शेजारी ठेवले, की उतार लागलाय की चढ, हे कळायला मदत होते. आता तर झाडाला बांधलेले आपोआप फोटो काढणारे कॅमेरेही मदतीला आले आहेत.

तुम्ही काय कराल?

तुम्ही डोंगराजवळ राहत असाल, तर पायवाटेवरच्या मऊ मातीत खुरांचे ठसे बघा. एका वहीत तारीख, जागा आणि ठशाचं चित्र काढून ठेवा. शिक्षकांना दाखवा. दोन-तीन वर्षांत तुमची वही म्हणजे तुमच्या डोंगराचा इतिहास होईल!

सांबराचं गळलेलं शिंग रानात सापडलं, तर तिथंच राहू द्या. ते घरी आणणं किंवा विकणं कायद्याला मंजूर नाही.

फास दिसला तर स्वतः हात लावू नका. मोठ्या माणसांना आणि वनरक्षकाला जागा सांगा. बंदूकवाल्यांच्या वाटेला तर मुळीच जायचं नाही, नुसतं सांगायचं.

आणि घरातलंच कुणी होळीच्या शिकारीला निघालं तर? हे सगळ्यांत अवघड, नाही का? काका-मामांना उलट बोलायचं नाही. पण "काका, यंदा किती भेकरं दिसली हो?" एवढं तर विचारता येईल! आणि जमलं तर ते वीस आणि आठांचं गणित त्यांच्यासमोर सोडवून दाखवा. आपल्या डोंगरावर भेकर भुंकायचं थांबावं, असं त्यांनाही वाटत नसेल.

माळशेजला जाताना टोकावड्याला चहासाठी थांबलात, तर जरा डोंगराकडे कान द्या. अंधार पडल्यावर लांबून "भॉक" ऐकू आलं, तर समजा, रान अजून जागं आहे!